तेरा डॉलरचा मुद्देमाल

बारा पानांचा एक कागद तयार करायला खर्च किती येतो? बेलसाउथ या अमेरिकन टेलिफोन कंपनीने याचा तपशीलवार हिशेब मांडला होता. मजकूर लिहिणाऱ्याचे २०० तास, ताशी ३५ डॉलरप्रमाणे ७,००० डॉलर. त्याच्यावर देखरेख करणाऱ्या साहेबाचे २०० तास, ताशी ३१ प्रमाणे ६,२००. टायपिंगला एक आठवडा, ७२१. पानांची मांडणी करायला आणखी एक आठवडा, पुन्हा ७२१. आकृत्यांचा आठवडा ७४२. दोन दिवसांचं संपादन ३६७. लेबलांचं एक खोकं, ५ डॉलर. खरेदीचा आदेश टाइप करून त्यावर वरिष्ठांची सही मिळवणं, १२९. छपाई ३१३. पन्नास जणांना टपालाने धाडण्यासाठी कारकुनाचे पन्नास तास, ८५८. सूचीत नोंद करायला दोन कारकून प्रत्येकी एक तास, ४३ डॉलर.

इथवर १७,०९९ झाले. सरकारी कचेरीत ज्याने कधी एखादी फाइल पुढे सरकताना पाहिली आहे त्याला हा आकडा फारसा खटकणार नाही. पण हिशेब इथे थांबला नाही. ज्या संगणकावर तो कागद टाइप झाला त्या संगणकाची किंमत, ३१,००० डॉलर, अख्खीच्या अख्खी बिलात धरली. त्याचा पडदा ८५०, प्रिंटर ६,०००, मांडणीचं सॉफ्टवेअर २२,०००, शिवाय संगणक चालवणारी प्रणाली २,५००. एकूण ७९,४४९ डॉलर. एखाद्याने लग्नपत्रिका पळवली म्हणून त्याच्याकडून छापखान्याचं यंत्र भरून मागावं, त्यातला हा प्रकार.

या आकड्यावर वीस वर्षांच्या एका कॉलेजच्या पोराचं आयुष्य टांगलेलं होतं. अमेरिकेत चोरीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याचा केंद्रीय गुन्हा लागू व्हायला मालाची किंमत किमान ५,००० डॉलर असावी लागते. तेव्हा कागदाची किंमत नुसती कुतूहलाची बाब नव्हती. ती ५,००० च्या वर असेल तरच त्या कलमाला अर्थ होता.

पोराचं नाव क्रेग नीडॉर्फ. तो मिसुरी विद्यापीठात शिकत होता आणि वकील व्हायचं त्याच्या मनात होतं. शाळेत असताना, १९८५ साली, एका मित्राबरोबर त्याने ‘फ्रॅक’ नावाचं नियतकालिक सुरू केलं. ते कागदावर छापलं जात नसे. मोडेमवरून एका संगणकातून दुसऱ्यात जाई, तिथून तिसऱ्यात. वर्गणी नाही, जाहिरात नाही. टेलिफोनचं जाळं आतून कसं चालतं, कुठल्या एक्स्चेंजला कसं बोलतं करायचं, कोणाला कुठे अटक झाली, असा त्यात मजकूर. नीडॉर्फ ‘नाइट लायटनिंग’ या टोपणनावाने त्याचं संपादन करी. बाराव्या-पंधराव्या वर्षी हस्तलिखित मासिक काढणारी पोरं आपल्याकडेही असत, हौस त्याच जातीची. फरक एवढाच की याच्या वाचकांत टेलिफोन कंपन्यांचे सुरक्षा अधिकारीही होते. ते न चुकता वाचत आणि अंक नीट फायलीला लावत.

आता तो कागद. सप्टेंबर १९८८ मध्ये अटलांटामधला एक हॅकर बेलसाउथच्या संगणकात शिरला आणि ‘वर्धित ९११’ सेवेच्या कारभारावरचा हा दस्तऐवज उचलून बाहेर पडला. ९११ म्हणजे अमेरिकेतला पोलीस, आग आणि रुग्णवाहिका यांचा तातडीचा क्रमांक. या हॅकरचं टोपणनाव ‘प्रॉफेट’. त्याने ती प्रत इलिनॉयमधल्या एका खासगी संगणकावर दडवली आणि पुढे नीडॉर्फकडे पाठवली. नीडॉर्फने त्यातले फोन क्रमांक काढले, ‘कंपनीबाहेर दाखवू नये’ ही सूचना काढली, जवळपास निम्मा मजकूर छाटला आणि फेब्रुवारी १९८९ च्या अंकात छापला. कागदात पासवर्ड नव्हता, प्रोग्रॅमची एक ओळ नव्हती. कुठल्या विभागाने कोणती तक्रार कोणाकडे द्यायची, बैठकीला कोणी हजर राहायचं, अशा कारकुनी सूचना आणि आद्याक्षरांचा नुसता चिखल. झोप येत नसेल त्याने वाचावा.

इलिनॉयमधल्या त्या संगणकाच्या मालकाला हा कागद दिसला तेव्हा त्याने ते लगेच पुढे कळवलं. ती खबर एटी अँड टी कंपनीच्या सुरक्षा विभागापर्यंत पोचली, १९८८ सालीच. त्यानंतर कित्येक महिने काही घडलं नाही. कागद खरोखर स्फोटक होता, तर वर्षभर कोणी हललं का नाही, हा प्रश्न पुढे बचावाच्या वकिलाला सुचला नसता तरच नवल.

हलायला कारण मिळालं ते १५ जानेवारी १९९० रोजी. मार्टिन ल्यूथर किंगच्या जयंतीची सुट्टी होती. दुपारी अडीचच्या सुमाराला मॅनहॅटनमधल्या एका एक्स्चेंजमध्ये किरकोळ बिघाड झाला. ते काही सेकंदांसाठी स्वतःहून बंद पडलं, सावरलं आणि ‘मी परत आलो’ असं शेजाऱ्यांना कळवू लागलं. शेजारची एक्स्चेंजं ही नोंद करत असतानाच दुसरा संदेश आला की गोंधळून स्वतःच बंद पडत, सावरत आणि पुन्हा आपल्या शेजाऱ्यांना कळवत. रांगेतल्या एकाला जांभई आली की सगळ्यांना येते, तसं हे देशभर पसरलं. नऊ तास एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं जाळं लुळं पडून होतं, कोट्यवधी कॉल लागले नाहीत. फोन मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागण्याचे ते आपल्याकडचे दिवस. आपल्याला त्या हाहाकाराची कल्पना यायची नाही. पण टेलिफोन हा नळाच्या पाण्यासारखा गृहीत धरलेल्या देशाला तो फार मोठा धक्का होता.

दोष निघाला तो कंपनीच्याच प्रोग्रॅममध्ये. डिसेंबरमध्ये बसवलेल्या नव्या आवृत्तीत ‘ब्रेक’ हा एक शब्द नको त्या जागी पडला होता. कंपनीने हे लवकरच कबूल केलं. पण त्या कंपनीतल्या आणि तपास यंत्रणांतल्या पुष्कळांच्या मनात हॅकर हे भूत आधीच बसलं होतं. ‘वॉरगेम्स’ हा सिनेमा १९८३ साली येऊन गेला होता. एक मुलगा खेळता खेळता अणुयुद्ध पेटवायला निघतो, ही त्याची गोष्ट. त्याच वर्षी मिलवॉकीमधली पोरं मोठमोठ्या संस्थांच्या संगणकांत शिरल्याच्या बातम्या झळकल्या. १९८४ साली संगणक गुन्ह्यांचा कायदा आला आणि १९८६ साली तो विस्तारला. त्याच्या तपासाचा अधिकार सीक्रेट सर्व्हिसलाही मिळाला. राष्ट्राध्यक्षांचं रक्षण आणि खोट्या नोटांचा शोध ही या खात्याची मुख्य कामं. एफबीआयशी त्याची चढाओढ होतीच. नवं कुरण मिळालं की कोणतंही खातं त्यात जोमाने चरायला लागतं.

जाळं कोसळल्यानंतर तिसऱ्या दिवशी, १८ जानेवारीला, सीक्रेट सर्व्हिसचे लोक टेलिफोन कंपनीच्या माणसाला घेऊन नीडॉर्फच्या वसतिगृहात हजर झाले. आपण काही लपवलेलं नाही या समजुतीत तो त्यांच्याशी मोकळेपणाने बोलला. सहा दिवसांनी न्यूयॉर्कमधल्या तीन पोरांच्या घरी धाडी पडल्या. देशाचे फोन तुम्हीच बंद पाडलेत, असा आरोप त्यांच्या तोंडावर करण्यात आला.

या दोन धाडींच्या मधोमध, २२ जानेवारीला, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात ज्युरीने एका वेगळ्याच मुलाला दोषी ठरवलं. रॉबर्ट टॅपन मॉरिस. कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी. त्याने २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी एमआयटीतल्या संगणकावरून इंटरनेटवर एक स्वतःच पसरणारा प्रोग्रॅम सोडला होता. एखाद्या यंत्राने ‘मला आधीच लागण झाली आहे’ असं उत्तर दिलं तरी सातातून एकदा पुन्हा घुसायचं, असं त्याने त्यात लिहिलं होतं. हिशेब चुकला. यंत्रांवर प्रतींवर प्रती चढत गेल्या आणि एका रात्रीत हजारो संगणक ठप्प झाले. तेव्हा इंटरनेटवर सगळे मिळून साठ हजारांच्या आसपास संगणक असतील. त्यांतले सुमारे सहा हजार बाधित झाल्याचा अंदाज तेव्हा सगळीकडे दिला गेला. विद्यापीठं, संशोधन संस्था, लष्कराशी जोडलेल्या प्रयोगशाळा, कोणी सुटलं नाही.

मॉरिसचे वडील राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएसएच्या, संगणक सुरक्षा केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ होते. मुलाला मिळालेली शिक्षा वडिलांमुळे सौम्य झाली असं म्हणायला माझ्यापाशी पुरावा नाही आणि तसं मी म्हणत नाही. न्यायाधीशांना दिसला तो पैशाला न शिवलेला, हुशार, लाजरा, चांगल्या घरातला मुलगा. त्याच्या हातून आगळीक झाली होती आणि तो ओशाळला होता. ४ मे १९९० रोजी त्यांनी तीन वर्षांचं प्रोबेशन, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड एवढ्यावर त्याला सोडलं. मला विचाराल तर तो न्याय योग्यच होता. वीस-बावीस वर्षांच्या पोराला तुरुंगात घालून कोणाचं भलं झालं असतं? प्रश्न पुढचा आहे. हाच डोळा इतरांकडे बघताना का उघडला नाही?

त्या निकालानंतर चारच दिवसांनी, ८ मे रोजी, ‘ऑपरेशन सनडेव्हिल’ झालं. सीक्रेट सर्व्हिसची दीडशे माणसं, २७ झडतीची वॉरंट, डझनभराहून अधिक शहरं. चाळीसच्या आसपास संगणक आणि २३,००० फ्लॉप्या जप्त. दुसऱ्या दिवशी ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात पत्रकारांना बोलावून त्याचा गाजावाजा झाला. अटक मात्र मोजून तीन-चार. रोख होता तो क्रेडिट कार्ड आणि टेलिफोनचे चोरलेले कोड वापरणाऱ्यांवर, आणि ती चोरी खरीच होती. पण बहुतेकांवर खटला भरलाच गेला नाही. फक्त त्यांचे संगणक गेले, ते महिनोन्‌महिने परत आले नाहीत. आपल्याकडे एकदा मुद्देमालाच्या खोलीत गेलेल्या सायकलीचं काय होतं ते ज्याने पाहिलं आहे, त्याला यापुढे सांगायची गरज नाही.

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात त्याच वर्षी १ मार्चला पडलेली धाड याहून अजब. स्टीव्ह जॅक्सन गेम्स ही कंपनी टेबलाभोवती बसून खेळायचे खेळ छापत असे. तिथला एक कर्मचारी घरी आपला संगणक-फलक (मोडेमवरून संदेश टाकण्या-वाचण्याची जागा) चालवी आणि त्यावर ‘फ्रॅक’चा तो अंक होता, एवढाच धागा. सीक्रेट सर्व्हिसने कंपनीचे संगणक उचलले आणि त्यांच्याबरोबर छपाईला निघालेल्या एका नव्या पुस्तकाची हस्तलिखितंही नेली. भविष्यातल्या हॅकरांचा तो कल्पित खेळ होता, पण एका अधिकाऱ्याने जॅक्सनला तोंडावर सांगितलं की हे संगणक गुन्ह्यांचं हातपुस्तक आहे. कंपनीवर किंवा जॅक्सनवर कधीही कोणताही आरोप ठेवला गेला नाही. आठ माणसांना मात्र कामावरून कमी करावं लागलं. जॅक्सनने पुढे सरकारवरच दावा लावला. १९९३ साली न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनी धाडीतल्या अधिकाऱ्याला भर कोर्टात खडसावलं आणि कंपनीला ५० हजार डॉलरहून अधिक भरपाई दिली.

१९९० च्या या धाडी बघून दोन माणसं अस्वस्थ झाली. एक मिच केपोर, लोटस कंपनीचा संस्थापक. दुसरा जॉन पेरी बार्लो, वायोमिंगमध्ये गुरं पाळणारा आणि गाणी लिहिणारा गृहस्थ. बार्लोच्या घरी एफबीआयचा माणूस भलत्याच चौकशीला येऊन गेला होता. संगणक म्हणजे काय, हे त्यालाच समजावून सांगण्यात बार्लोचा बराच वेळ गेला. जॉन गिलमोर या तिसऱ्याला घेऊन त्यांनी जुलै १९९० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था काढली. (वीस वर्षांनी या संस्थेने आपला पायोनियर पुरस्कार हरी प्रसाद या हैदराबादच्या तंत्रज्ञाला दिला. मतदान यंत्रातल्या त्रुटी दाखवल्यावर ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई पोलीस त्याला हैदराबादच्या घरून उचलून मुंबईला घेऊन आले होते. यंत्रात खोट आहे की नाही यापेक्षा ते मुंबईच्या सरकारी गोदामातून तुला कोणी आणून दिलं, याचा तपास आधी सुरू झाला.)

संस्थेला सुरुवातीला पैसे देणाऱ्यांत एक नाव होतं स्टीव्ह वोझ्नियाक. ॲपल कंपनीचा एक जनक. त्याने हे पैसे का दिले असतील ते समजायला वीस वर्षं मागे जावं लागेल. १९७१-७२ च्या सुमाराला वोझ्नियाक आणि स्टीव्ह जॉब्स हे ‘ब्लू बॉक्स’ नावाची डबी बनवून बर्कलीच्या वसतिगृहात विकत. टेलिफोनच्या जाळ्याला ओळखीचा वाटणारा सूर काढून ती फुकटात जगभर फोन लावून देई. हा उघड उघड गुन्हा होता. वोझ्नियाकने त्या डबीवरून व्हॅटिकनला फोन लावला आणि आपण हेन्री किसिंजर बोलतोय असं सांगितलं. एकदा रात्री पोलिसांनी दोघांना अडवलं, खिशात डबी सापडली. हे काय, असं विचारताच वोझ्नियाकने सांगितलं की हे संगीताचं इलेक्ट्रॉनिक वाद्य आहे. पोलिसाने डबी परत केली. हा किस्सा वोझ्नियाकनेच पुढे हसत हसत सांगितला. ब्लू बॉक्स नसती तर ॲपलही नसती, असं जॉब्सही म्हणत असे. ज्याच्याकडून ते ही विद्या शिकले तो जॉन ड्रेपर, ‘कॅप्टन क्रंच’, मात्र त्याच दशकात पकडला गेला आणि तुरुंगात जाऊन आला. त्या रात्रीच्या पोलिसाला सुरांचं थोडं अधिक कळत असतं तर?

एकाला पकडायचं, दुसऱ्याला सोडायचं, हा अधिकार प्रत्येक देशातल्या पोलिसांकडे आणि सरकारी वकिलांकडे असतोच. सगळ्यांवर खटले भरायचे तर कोर्टं पुरणार नाहीत. पण या निवडीत खोट आहे असं आरोपीने सिद्ध करायचं म्हटलं तर काय होतं? अमेरिकेत त्याची सुरुवात धोब्यांपासून होते. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवाना लागे. सुमारे दोनशे चिनी धोब्यांचे अर्ज फेटाळले गेले, तर इतर ऐंशी जणांपैकी एकाचा सोडून सगळ्यांचे मंजूर झाले. १८८६ साली सर्वोच्च न्यायालयाने यिक वो खटल्यात हा भेदभाव मोडून काढला. पुढे मात्र हे दार अरुंद होत गेलं. १९९६ च्या आर्मस्ट्राँग निकालानंतर आरोपीला साधी सरकारी कागदपत्रं मागायची तरी आधी दाखवावं लागतं की अगदी आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणावर खटला भरता आला असता आणि भरला गेला नाही. सरकारच्या कपाटातला पुरावा मागायचा तर तो आधी आपल्या खिशात असायला हवा. हॅकरांच्या बाबतीत तर पंचाईत आणखी मोठी. त्यांच्यात जात, वर्ण असा डोळ्यांना दिसणारा धागा नाही. निवड होते ती भीतीच्या पट्टीने आणि कंपनी आपल्या नुकसानीचा जो आकडा सांगेल त्याने.

तो आकडा तपासायला वकील लागतो आणि वकिलाला पैसा लागतो. शिकागोचे सरकारी वकील विल्यम कुक यांनी १९८९ सालीच ‘शॅडो हॉक’ या टोपणनावाच्या किशोरवयीन मुलाला नऊ महिन्यांची कैद आणि १०,००० डॉलर दंड मिळवून दिला होता. एटी अँड टीच्या म्हणण्यानुसार त्याने उचललेल्या सॉफ्टवेअरची किंमत दहा लाखांवर होती. आता कुक यांच्यासमोर नीडॉर्फ होता. आरोपपत्रात दहा कलमं आणि जास्तीत जास्त शिक्षा ६५ वर्षं. नीडॉर्फने कुठल्याही संगणकात घुसखोरी केली होती असं सरकारचंही म्हणणं नव्हतं. त्याने छापलं होतं.

त्याच्या घरच्यांनी कुवतीबाहेर जाऊन चांगला वकील दिला. शेल्डन झेनर स्वतः आधी शिकागोत सरकारी वकील होते, घरचे वासे त्यांना माहीत होते. डोरोथी डेनिंग या संगणकशास्त्रज्ञ मदतीला आल्या. जॉन नेगल नावाचा एक प्रोग्रॅमर ग्रंथालयांत आणि तांत्रिक नियतकालिकांत शोधत बसला आणि त्याला दिसलं की ९११ सेवेची यापेक्षा कितीतरी सविस्तर माहिती आधीच छापून आलेली आहे.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात न्यायाधीश निकोलस बुआ यांच्यासमोर सुनावणी सुरू झाली. तोवर बेलसाउथने आपला ७९,४४९ चा आकडा गुपचूप खाली आणून २४,६३९ डॉलर आणि ५ सेंटवर ठेवला होता. ते पाच सेंट मला फार आवडतात. त्यांच्यावाचून तो आकडा विश्वसनीय वाटणार नाही असं कोणाला तरी नक्की वाटलं असणार. प्रॉफेट सरकारी साक्षीदार म्हणून आला. मग बेलसाउथच्या एक अधिकारी बाई साक्षीला आल्या. हा दस्तऐवज किती गोपनीय, तो बाहेर पडला तर लोकांचे जीव जातील, हे त्यांच्याकडून वदवून घ्यायचं होतं. उलटतपासणीत झेनर यांनी त्यांच्यापुढे बेलकोर या टेलिफोन कंपन्यांच्याच सामाईक संस्थेची पुस्तिका ठेवली. याच विषयावरची याहून तपशीलवार माहिती त्यात होती. कोणीही मोफत क्रमांकावर फोन करावा, क्रेडिट कार्डाचा नंबर द्यावा, पुस्तिका घरपोच. कोण मागवतो म्हणून कोणी विचारत नव्हतं. किंमत १३ डॉलर.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, पण इथे कोंबडी विकणाऱ्यालाच आपल्या दुकानातला भाव माहीत नव्हता. सुनावणीच्या चौथ्या दिवशी, २७ जुलैला, सरकारने आपण होऊन खटला सोडून दिला. ज्युरींना घरी पाठवण्यात आलं. नीडॉर्फ सुटला. वकिलाचं बिल आलं ते जवळपास एक लाख डॉलरचं, आणि ते त्याच्या घरच्यांनाच भरायचं होतं.

लोक ही गोष्ट इथे थांबवतात. सत्याचा जय वगैरे. पण अटलांटातल्या तिघांचं काय झालं हे पाहिल्याशिवाय तिला अर्थ नाही. प्रॉफेट आणि त्याचे दोन साथीदार यांनी खरोखरच दुसऱ्याच्या घरात रात्री-अपरात्री पाऊल टाकलं होतं. काही मोडलं नव्हतं, काही विकलं नव्हतं, पण आत शिरले होते. तिघांनीही खटला न लढवता गुन्हा कबूल केला. त्यामुळे बेलसाउथचा हिशेब त्यांच्या बाजूने कोणी फाडून पाहिला नाही. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये, १३ डॉलरची पुस्तिका शिकागोच्या कोर्टात सगळ्यांनी पाहून झाल्यावर चार महिन्यांनी, अटलांटाच्या सरकारी वकिलांनी शिक्षेसाठी दिलेल्या निवेदनात तोच ९११ चा दस्तऐवज पुन्हा गंभीर चेहऱ्याने उभा राहिला. प्रॉफेटला २१ महिन्यांची कैद, साथीदारांना प्रत्येकी १४. शिवाय प्रत्येकाच्या डोक्यावर २,३३,००० डॉलरची भरपाई. हजारो यंत्रं ठप्प करणाऱ्या मॉरिसला त्याच वर्षी एक दिवसही कोठडी झाली नव्हती.

मॉरिस पुढे एमआयटीत प्राध्यापक झाला. मित्रांबरोबर काढलेली त्याची कंपनी १९९८ साली याहूने विकत घेतली. २००५ मध्ये त्याच मित्रमंडळीने नव्या उद्योगांना भांडवल देणारी वाय कॉम्बिनेटर ही संस्था काढली. तिच्या पहिल्या उन्हाळ्याच्या तुकडीत अठरा वर्षांचा एक मुलगा होता, ॲरन स्वॉर्ट्झ.

पाचेक वर्षांनी, ६ जानेवारी २०११ रोजी, स्वॉर्ट्झला हार्वर्डच्या परिसराजवळ अटक झाली. एमआयटीतल्या तारांच्या एका खोलीत लॅपटॉप लपवून त्याने जेस्टोर या संग्रहातले सुमारे ४८ लाख संशोधनपर लेख उतरवून घेतले होते. जेस्टोरने त्याच्याशी जून २०११ मध्येच समेट केला आणि आपल्याला खटल्यात रस नाही असं सांगितलं. सरकारला होता. जुलैमध्ये आरोपपत्र दाखल करताना बॉस्टनच्या सरकारी वकिलांनी पत्रकात ३५ वर्षांपर्यंतची कैद आणि दहा लाख डॉलर दंड असं छापलं आणि चोरी ती चोरीच, मग पहार वापरा नाहीतर संगणक, असं बजावलं. पुढच्या वर्षी चार कलमांची तेरा झाली. गुन्हा कबूल कर आणि काही महिने आत जाऊन ये, असा प्रस्ताव होता. त्याने नाकारला. ११ जानेवारी २०१३ रोजी ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी त्याने आयुष्य संपवलं. तो २६ वर्षांचा होता.

त्याच्या दोनच दिवस आधी, ९ जानेवारीला, जेस्टोरने एक घोषणा केली होती. नाव नोंदवा आणि वाचा. १,२०० नियतकालिकांच्या जुन्या अंकांतले लेख, दर दोन आठवड्यांना तीन, कोणालाही, फुकट.